शेवटच्या कडव्यातलं नाव

धनराज एकलहऱ्याच्या वीज केंद्रात फिटर होते, पण तसं कोणी म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठी चढायची. ते कवी. नाशकापासून दिंडोरीपर्यंत कुठंही लग्न ठरलं की वधूवरांची, मामा-मावश्यांची नावं गुंफून मंगलाष्टकं रचायची आणि मांडवात स्वतःच गायची, हा त्यांचा मान. शेवटच्या कडव्यात ‘धनराज म्हणे’ यायचंच. ते ऐकलं की लोक उरलेल्या अक्षता सरसावायचे, कारण आता जेवण जवळ आलेलं असायचं.

यंदा देवळ्याचे कांदा व्यापारी किशोरशेठ मुलीच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन आले. सोबत तयार मंगलाष्टकं.

"मोबाइलला नावं सांगितली. चहा होईस्तोवर त्यानं लिहून दिली. तुम्ही फक्त गायची."

शेवटच्या कडव्यात होतं ‘किशोर म्हणे’.

"पण ही तुम्ही कुठं रचलीत?" धनराजांनी विचारलं.

"मोबाइल माझा, मुलगी माझी. मग दुसऱ्या कोणाची?"

धनराजांना फार लागलं. पण नाही म्हटलं असतं तर माइकसमोर दुसराच कोणी उभा राहिला असता, म्हणून ते हो म्हणाले. असे आमचे स्वाभिमानी कवी.

दिंडोरी रोडच्या लॉन्सवर अंतरपाट धरला गेला. धनराज छान गायले. शेवटचं कडवं आलं, आणि सवयीची जीभ, ती थोडीच कागद बघते? माइकवरून खणखणीत ‘धनराज म्हणे’ निघालं. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली.

किशोरशेठ फेटा सावरत धावत आले. "माझं काव्य चोरलं तुम्ही. तेही माझ्याच मांडवात."

"तुमचं होतं कधी?" धनराजही चिडले.

ज्यातला एक शब्दही दोघांपैकी कोणी लिहिला नव्हता, त्यावरून दोघं हमरीतुमरीवर आले. खरा कवी किशोरशेठच्या खिशात चार्जिंग संपून पडला होता.

तेवढ्यात धनराजांची म्हातारी चुलती, कुसाबाई, काठी टेकत आली. तिनं पुतण्याच्या तोंडावरून हात फिरवला.

"धना, लय वर्सं ऐकते तुझं. खरं सांगू, कधी काळजाला लागलं नाय. आज रडू आलं बघ."

आता हा काय सांगतो, म्हणून किशोरशेठ धनराजांकडं बघत राहिले. धनराजांनी सांगायला तोंड उघडलं. मग ते तसेच वाकले आणि चुलतीच्या पाया पडले.