प्लास्टिकच्या ढोलावरची उठवणी

पहिल्यांदाच असं काही लिहितेय, मांडणी चुकली तर सांभाळून घ्या. या पानावरचे भुताखेतांचे अनुभव मी हॉस्टेलवर करमणूक म्हणून वाचायचे आणि प्रत्येकाखाली मनातल्या मनात एक कारण लिहायचे... वारा असेल, ताप असेल, कुणीतरी मस्करी केली असेल. बहुतेक वेळा मस्करीच. माझ्या स्वतःच्या अनुभवाखाली काय लिहावं ते मात्र मला अजून सुचलेलं नाही.

मी धाराशिवला बी.एस्सी. करते, विषय इलेक्ट्रॉनिक्स. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच. घर बेंबळीच्या पुढं, डांबरी रस्ता सोडून आत, धनगरांच्या वस्तीवर. वडील मेंढरं घेऊन वर्षातले बरेच महिने बाहेर असतात, म्हणून मी वाढले ती थोरल्या चुलत्यांच्या, म्हणजे तात्यांच्या घरात. तात्या, मोठी आई आणि त्यांचा मुलगा दत्तूदादा.

दत्तूदादा पुण्यात जुन्या व्हिडिओ गेमच्या दुरुस्तीच्या दुकानात कामाला आहे. त्याला एक विचित्र नाद आहे. गेमचं साधं हँडल सगळ्यांना माहीत असतं, पण काही कंपन्यांनी एकेका गेमसाठी वेगळीच सोंगं काढली होती — मासे धरायच्या गेमला रीळ लावलेला गळ, गाण्याच्या गेमला खुळखुळे, नाचायला चटई. अडचण अशी की गळ फक्त मासे धरायच्या गेमला चालतो आणि खुळखुळे फक्त त्यांच्या गाण्यांना. ते एक-दोन गेम खेळून झाले की हे धूड घरात नुसतंच पडून. लोक दुकानात टाकून जातात, आणि दादा गावी घेऊन येतो. गळ आणला तेव्हा मोठी आई म्हणाली होती, "हिरीत पाणी न्हाय, आन ह्यो टीव्हीत मासं धरतोय!"

मागच्या दिवाळीत त्यानं जपानी ढोल आणला. प्लास्टिकचा, स्टँडवरचा, सोबत दोन टिपऱ्या. पडद्यावर लाल गोळा आला की मधोमध मारायचं, निळा आला की कडेवर. दोनच गेम त्याला चालायचे, त्यातला एक दादाकडं होता. दादानं हौसेनं तात्यांना बसवलं. तात्यांनी डोळे मिटून घेतले आणि आपलाच ठेका धरला. पडद्यावर एकामागून एक चुका.

"तात्या, डोळं उघडा की! बघून वाजवायचं असतं."

"वाजवणाऱ्यानं बघत बसायचं व्हय? मग ऐकायचं कुणी?"

गेमनं त्यांना नापास केलं. सगळे पोट धरधरून हसलो, तात्यासुद्धा.

आता उठवणीबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. वस्तीवर बिरोबाचं देऊळ आहे. जत्रेच्या सकाळी देवाला उठवायला पहिला ढोल वाजतो, त्या ठेक्याला आम्ही उठवणी म्हणतो. तो मान आमच्या घराचा. नियम असा, की त्या सकाळखेरीज उठवणी वाजवायची नाही, सरावालासुद्धा नाही. दरवर्षी वाजवणाऱ्याच्या शेजारी उभं राहून ती ऐकायची, तेच शिकणं. माझ्या वडिलांना कधी उभं राहता आलं नाही, कारण कुणीतरी मेंढरांजवळ थांबावं लागतं. बायका-मुली देवळाच्या मागच्या अंगाला असतात, तिथं गजरात ढोल अर्धामुर्धाच ऐकू येतो. आणि दादा शाळा सोडून पुण्याला गेला तो जत्रेला फारसा आलाच नाही. त्याला बाकीचे ठेके येतात. उठवणी येत नव्हती.

जत्रा तोंडावर असताना तात्या गेले. हार्ट अटॅक. गोठ्यात वाकले ते उठले नाहीत.

सुतकात वाद्य वाजवत नाहीत. तात्यांचा ढोल घोंगडीत गुंडाळून ठेवला. भेटायला वस्तीवरचे सिद्राम आप्पा आले. ते दुसऱ्या भावकीतले, त्यांना सुतक नव्हतं. आमच्यानंतर ढोलाचा मान त्यांच्या घराचा. त्यांनी विचारलं,

"उठवणीचं काय करायचं रं दत्तू?"

"म्या वाजवतो की आप्पा."

"येती का तुला?"

"येती."

"बरं," आप्पा उठत म्हणाले, "आत्ता वाजव म्हणावं तर सुतक हाय. जत्रंला कळंलच. देवाम्होरं चुकलास तर मात्र ढोल आमच्या घरात येईल. राग धरू नको."

ते गेल्यावर मोठी आई दादाला एवढंच म्हणाली, "माणूस गेलं, आता मान बी जायचा का रं?" दादा तिच्याकडं बघत नव्हता.

आम्ही गुपचूप मोबाईलवरचे जत्रेचे जुने व्हिडिओ लावून बघितले. सगळ्यांत चांगभलंचा गजर, शिट्ट्या, वर हलगी. मधला ढोल तुकड्यातुकड्यानं ऐकू यायचा, पण सलग काही हाती लागेना.

सुतकाचे निम्मे दिवस सरले होते. पाहुण्यांची लहान मुलं कंटाळली होती. मोठी आईच म्हणाली, "आवाज बंद ठिवा, आन त्यांना ते टीव्हीतलं लावून द्या." खरा ढोल झाकलेला होता, पण ह्या प्लास्टिकच्या ढोलाला वाद्य म्हणावं असं आमच्यातल्या कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

दुपारी मुलं जेवायला उठून गेली. टीव्ही चालूच, आवाज बंद. पडद्यावर सरावाचं पान होतं — नुसतं ढोलाचं चित्र, आपण मारू तिथं ते लाल किंवा निळं उजळतं. मी बंद करायला गेले आणि थांबले. ढोलापाशी कुणी नव्हतं, टिपऱ्या जमिनीवर पडलेल्या... आणि चित्र उजळत होतं.

लूज कॉन्टॅक्ट, असंच मला वाटलं. तुम्हालाही वाटेल. पण लूज कॉन्टॅक्टमध्ये एकच बटण लागून राहतं, नाहीतर कसंही फडफडतं. हे तसं नव्हतं. लाल, लाल, थांबून निळा. परत तसंच. मग घाईघाईनं निळे, आणि एका जागी लाल आणि निळा एकदम. सगळं झालं की थोडी विश्रांती, मग परत पहिल्यापासून, जसंच्या तसं.

मी वायर काढली, थांबलं. जोडली. काही वेळानं परत सुरू. ढोलाच्या जागी साधं हँडल लावलं, काहीच नाही. जमिनीची थरथर लागत असेल म्हणून ढोल उचलून गोधडीवर ठेवला, तरी तेच. तेव्हा मला दादाचा संशय आला. तो बाहेर लिंबाखाली मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. हे त्याचंच काम, आत काहीतरी बसवलंय! मी स्क्रू ड्रायव्हर आणून ढोल मागून उघडला. रबराचा पातळ थर, खाली सेन्सर आणि एक वायर. बाकी काही नाही.

परत जोडला, परत सुरू झालं. का कुणास ठाऊक, मी उजेडाबरोबर शेजारच्या परातीवर बोटं मारायला लागले.

स्वयंपाकघरातून मोठी आई धावत आली. "सुतकात उठवणी वाजवतीस? लाज न्हाय वाटत? कुणी शिकवली तुला?"

मी नुसतं पडद्याकडं बोट केलं. ती बघत उभी राहिली, मग आत गेली.

दादाला हाक मारली. तो मला लाडानं सारे म्हणतो. त्यानं पाहिलं आणि पहिलंच वाक्य काय, तर, "सारे, हे तू केलंस. इलेक्ट्रॉनिक्स शिकतीस ना?"

"मी? हे सगळं तुझं सामान आहे दादा!"

"मला उठवणी येत असती तर जुने व्हिडिओ धुंडाळत बसलो असतो का?"

"मग मला कुठून येणार?"

"तात्यांच्या मांडीवर तूच बसायचीस. तुला गुपचूप शिकवली असंल."

त्याच्या चेहऱ्याकडं बघून तो नाटक करतोय की नाही, हे ठरवता येईना. माझ्याकडं बघून त्यालाही ठरवता आलं नसणार.

पण जत्रा जवळ आली होती. दादा रोज दुपारी पडद्यासमोर बसायचा. वाजवायचं तर नव्हतंच, त्यामुळं मांडीवर उशी घेऊन तिच्यावर बोटं नुसती टेकवायचा. मी मागं बसून त्याचे हात बघायचे... खरं सांगायचं तर पहारा द्यायचे. एकदा त्याचा मोबाईल मागून घेऊन स्वतःजवळ ठेवला. त्यानं बदला म्हणून माझी अख्खी बॅग उलटीपालटी केली. उजेड चालूच.

सुतक फिटलं, घोंगडी सोडून खरा ढोल बाहेर काढला, आणि त्या दिवसापासून पडद्यावर काही दिसलं नाही. वायर हलवून बघितली, ढोल हलवून बघितला. टिपरी मारली की उजळायचं, एरवी शांत. अगदी नीट चालणारं यंत्र.

जत्रेच्या सकाळी सिद्राम आप्पा स्वतःचा ढोल गळ्यात अडकवून तयारच उभे होते. मी पहिल्यांदाच मागच्या अंगाला न जाता पुढं येऊन उभी राहिले, कुणी हटकलं नाही. दादा घामाघूम. त्यानं डोळे मिटले आणि वाजवायला लागला. मी मनात लाल-निळं मोजत होते. एकही घाव चुकला नाही. चांगभलंचा गजर झाला, भंडारा उधळला.

आप्पांनी मात्र भंडारा उधळला नाही. ते जवळ आले.

"कुणी शिकवली?"

"तात्यांनीच," दादा म्हणाला.

"खोटं बोलू नको. तात्या अशी वाजवत न्हवता."

म्हणजे चुकीचीच वाजवली होती! मोठी आई माझ्यामागं येऊन उभी राहिली होती, तिनं माझा दंड घट्ट धरला.

"मधी दोन्ही हात एकदम पडत्यात न्हवं," आप्पा सांगत होते, "ते तात्यानं कवाच सोडलं हुतं. खिल्लारी बैलानं पाडलं, त्याचा खांदा निखळला, तवापासनं हात वर जाईना. तो घाव तो गाळायचा. माझ्याशिवाय कुणाच्या ध्येनात बी आलं नसंल. तू आत्ता वाजवलीस ती त्याची लग्नाआधीची उठवणी हाय." त्यांनी आपला ढोल गळ्यातून काढला. "मान तुमच्याच घरात ऱ्हाऊ द्या. पण पोरा, मला खरं सांग, कुठनं ऐकलीस?"

दादानं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

घरी येऊन मी सगळे व्हिडिओ परत काढले. आता कुठं काय ऐकायचं ते कळत होतं. गजरातून ती जागा शोधून शोधून ऐकली. आप्पांचं खरं होतं. एकाही व्हिडिओत तो जोडघाव नाही, तिथं रिकामी जागा आहे. म्हणजे दादानं व्हिडिओवरून काही बनवलं असेल, हा माझा शेवटचा आधारही गेला. त्या वयातल्या तात्यांचं रेकॉर्डिंग कुणाकडंच नाही. तेव्हा वस्तीवर वीजसुद्धा नव्हती.

पुण्याला निघताना दादानं मला बाजूला घेतलं. "आता तरी सांग सारे. तू न्हवतीस?"

"नव्हते. आणि तू?"

"आईची शपथ, न्हाय."

माझा अजून पूर्ण विश्वास बसलेला नाही. लिहायला संकोच वाटतो, पण तो खोटं बोलत असेल तर मला फार बरं वाटेल. आमच्या सरांना विचारलं, त्यांनी तीन-चार कारणं सांगितली. ती मी आधीच तपासली होती. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा, मला खरोखरच हवं आहे.

मोठ्या आईनं मात्र ढोलाबद्दल, पडद्याबद्दल कधीच काही विचारलं नाही. जत्रेच्या त्याच दिवशी भाकरी थापता थापता ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "दोन्ही हात एकदम पडलं म्हणं. म्हंजी खांदा आता दुखत नसंल त्यांचा."