मामंजी पडद्यावर आले

टीव्ही माझ्या माहेरचा. लग्नात अंथुर्ण्याहून टेम्पोतून आला, सोबत पितळेचा हंडा आणि मी. लाकडी शटर ओढून कुलूप लावायचा तो टीव्ही बघायला सासरी, कऱ्हाटीतली निम्मी आळी लोटली होती. नव्या नवरीपेक्षा त्याचंच कौतुक जास्त झालं, आणि मला ते बरंच वाटलं. नव्या घरात कुणाचं लक्ष नसलं की बाईला जरा श्वास घेता येतो.

घरात रीत कडक. सासरे उंबऱ्यात दिसले की सुनांनी उठायचं, पदर पुढं ओढायचा आणि आत जायचं. काय बोलायचं ते दाराआडून. गाव त्यांना आबा म्हणायचं, आम्ही मामंजी. ते तापट नव्हते, कधी वाकडा शब्द बोलले नाहीत. तरी त्यांची चाहूल लागली की हातातलं पीठ तसंच ठेवून पाय आपोआप आत वळायचे. मला तीच रीत थोरल्या भावजींसमोरही पाळावी लागे. एका घरात राहून मला त्यांच्या टाचांच्या भेगा ओळखू यायच्या, चेहरा नाही. आज कुणाला सांगितलं तर हसतील, पण तसं होतं.

पूर्वी या घरची मेंढरं दिवाळी झाली की कोकणात उतरायची. माझ्या लग्नापर्यंत ते बंद झालं होतं. थोडी जमीन, बाजरी, ज्वारी आणि मोजकी मेंढरं. माझे मालक कारखान्यावर कामाला लागले होते. मेंढरांमागं मामंजी आणि थोरले भावजी असत, आणि घरात माझी थोरली जाऊ, जिला मी आक्का म्हणायची, आणि मी.

एका उन्हाळ्यात सुप्याच्या बाजूच्या माळावर जीप आली. टीव्हीवाले होते. मेंढपाळांवर माहितीपट करायचा म्हणाले. केस वाढवलेला एक कॅमेरावाला आणि प्रश्न विचारणारी एक पोरगी. दिवसभर मामंजींना बोलतं केलं, मेंढरं इकडून तिकडं पळवून घेतली आणि संध्याकाळी गेले. पुढच्या पावसाळ्यात भावजींना कावीळ झाली. औषधपाणी झालं, बारामतीला नेलं, पण माणूस हाती लागला नाही.

मूलबाळ नव्हतं. असतं तर त्याच्या तोंडावळ्यात तरी ते दिसले असते. लग्न लहानपणी झालेलं, फोटोची चैन कुणाला? मागं राहिला तो निवडणुकीच्या ओळखपत्रावरचा एवढासा फोटो. त्यात सगळा चेहरा काळा पडलेला, कान तेवढे ओळखू यायचे. आक्का एकदा भाकरी थापताना मला म्हणाल्या, "त्येंचं त्वांड आठवाया गेलं की त्यो कारडावरचा फुटूच म्होरं येतोय गं. खरं त्वांड पुसत चाललंय." ज्यांचा चेहरा मी पाहिलाच नव्हता, तो मी आठवून तरी काय देणार.

आणि मग चौकातल्या दुकानातल्या फोनवर त्या पोरीचा निरोप आला. अमुक दिवशी टीव्हीवर दिवसभर माहितीपट आणि चर्चा दाखवणार आहेत, त्यात तुमचाही आहे. नेमकी वेळ तिलाही सांगता येत नव्हती.

त्या दिवशी सकाळी मामंजी दारात उभे राहून, मी आत असताना, म्हणाले, "म्या मेंढरं घिऊन लांब जातो आज. हितं बसलो तर थोरली काय भाईर यायची न्हाय. तिला म्हनावं, सोप्यात म्होरं बस आन् डोळं भरून बघ." काठी घेतली आणि निघाले. त्यांचाही तो मुलगाच होता. त्यांनाही बघावंसं वाटत असणारच. पण सुनेला मोकळेपणानं बसता यावं म्हणून ते उठून माळावर गेले.

आक्का न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून टीव्हीसमोर बसल्या. शेजारच्या बायाही आल्या. सुरुवातीलाच चार चष्मेवाले एका टेबलाभोवती बसून हिंदीत भांडायला लागले. देशाच्या पाण्यावर बोलत होते म्हणे, पण समोरचा पेला कुणी उचलला नाही. मग कुठल्या तरी थंड मुलखातली शाळा, मग विणकर, मग मीठ कुठलं खावं, मग पुन्हा तेच टेबल, चष्मे फक्त वेगळे. "ह्यात मेंढरू कुठं हाय?" असं म्हणत एकेक बाई उठली. दुपारपर्यंत आम्ही दोघी आणि माझ्या मांडीवर झोपलेली तान्ही लेक एवढ्याच उरलो.

आक्का जागच्या हलल्या नाहीत. चहा केला तर तो निवला. मधेच म्हणायच्या, "दिसतील न्हवं?" मी म्हणायची, "दिसतील की." पुन्हा थोड्या वेळानं तेच.

उन्हं कलायला लागली आणि एकदम पावा वाजला. आमचा माळ! ती वाकडी बाभळ, तो दगडांचा ढीग. कुणीतरी खर्जातल्या आवाजात, आमच्यापैकी कुणी जन्मात बोललं नसेल अशा मराठीत, निसर्गाच्या कुशीत वाढलेल्या साध्याभोळ्या माणसांबद्दल सांगत होतं. मेंढरांच्या पाठीच पाठी दिसल्या. आक्कांनी माझा दंड घट्ट धरला.

आणि पडदाभर मामंजी आले. पागोटं, पांढऱ्या मिशा, नजर सरळ आमच्या सोप्यात. म्हणाले, "रामराम."

आक्का उठल्या. पदर ओढला आणि आत गेल्या. डोळ्याचं पातं लवायच्या आत. मीही उठले असते, माझा हात पदराकडे गेलाच होता, पण मांडीवर लेक होती. आणि तेवढ्यात मामंजींच्या मागून थोरले भावजी आले. काखेत कोकरू. चालता चालता थबकले, कॅमेरा दिसला तसे त्याच्याकडे बघून हसले, मान खाली घातली आणि बाजूला निघून गेले. पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता. मला ते माहीत नव्हतं. त्यांचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

"आक्का! अवं भाईर या! पडद्यावरचं मामंजी हायत ते!"

त्या धावत आल्या. तोवर माग आला होता, घोंगडी आली होती, मामंजी अजून बोलत होते, पण मागं नुसता माळ. आम्ही शेवटपर्यंत बघितलं. नावं वर सरकत गेली आणि पुन्हा ते टेबल आलं.

"आलं का?" आक्कांनी विचारलं.

"यिऊन गेलं," मी म्हणाले.

त्या रडल्या नाहीत. मघाच्याच जागी बसल्या आणि त्या टेबलाकडे बघत राहिल्या. त्यांनी टीव्ही फोडला असता तर मला बरं वाटलं असतं. मग म्हणाल्या, "पडद्यावरचं हायत ह्ये मला कळत हुतं गं. पायांना कुठं कळतंय?"

पुढं माझ्या मालकांनी खूप खटपट केली, कुणाकुणाला विचारलं. तो माहितीपट पुन्हा लागलेला आम्ही काही पाहिला नाही.

त्या दिवशी दिवेलागणीला मामंजी आले. मेंढरं कोंडली आणि पाय न धुताच ओट्यावर टेकले. आम्ही दोघी दाराआड उभ्या.

"थोरले," त्यांनी हाक मारली. "दिसला का?"

मी आक्कांकडे बघत होते. दिवसभर उन्हात लांब जाऊन बसलेला तो म्हातारा, त्याला काय सांगणार?

"व्हय," आक्का म्हणाल्या. "दिसलं की."

"कसा हुता?"

मी त्यांच्या कानाशी लागले. "काखंत कोकरू," मी पुटपुटले.

"काखंत कोकरू हुतं," आक्का मोठ्यानं म्हणाल्या.

"हासलं. तुटका दात दिसला."

"हासलं. त्यो तुटका दात दिसला," आणि इथं त्यांचा आवाज फाटला. त्या दाताचं त्यांना आठवलं असावं.

बाहेर मामंजी काठीनं मातीत रेघा ओढत होते. मग म्हणाले, "त्या दिशी म्या त्याला लय बोललो हुतो. फुटूवाल्याच्या मधी मधी यतोय म्हनून. मागं वळून बघितलं सुदीक न्हाय. माझ्याकडं बघत हुता का गं त्यो?"

भावजींनी कॅमेऱ्याकडे बघितलं होतं. मामंजींकडे नाही. मी ते पाहिलं होतं. आक्कांनी माझी वाट बघितली नाही. पदर सावरला आणि दाराच्या अगदी कडेला जाऊन म्हणाल्या,

"व्हय मामंजी. तुमच्याकडंच बघत हुतं. सारा वेळ."

मामंजी उठले आणि त्यांनी पाय धुवायला पाणी मागितलं.