हनुवटी आणि जिलेबी

माझं लग्न ठरलं त्या दिवशी, मी मीच आहे हे सिद्ध करायला मला पाऊण तास लागला.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोपरखैरण्याच्या वन रूम किचनमध्ये मी आणि आई राहायचो. वय बत्तीस, नकार चार. चौथ्यानंतर मध्यस्थ बाई आईला म्हणाल्या, "समोरून बरा आहे हो. बाजूने बघितलं की ओठाखाली लगेच गळाच लागतो." (मी तिथेच उभा होतो. बाजूनेच.)

मी गुपचूप वाशीतल्या त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी माझ्या चेहऱ्याला चक्क मोजपट्टी लावली.

"नाक मोठं नाही तुमचं. हनुवटी मागे राहिलीय. तिथे कोलॅजेनचं इंजेक्शन देऊ, ती भरून पुढे येईल, चेहऱ्याचा तोल जमेल."

"कायमचा?"

"सहाएक महिने."

तेवढ्यात लग्न उरकेल, असं म्हणून मी तयार झालो. आधी ॲलर्जी येत नाही ना हे बघायला हातावर टोचून महिनाभर वाट पाहिली, मग हनुवटीत घेतलं. आईला सांगितलं, दाढ सुजलीय.

इकडे आईने मला न विचारता माझा फोटो एका स्थळाला धाडला होता. चुलतभावाच्या लग्नातला, पंगतीत वाकून जिलेबी वाढतानाचा. शुद्ध बाजूने! आणि त्यांचा चक्क होकार आला. रविवारी मुलगी आणि तिचे वडील घर बघायला हजर.

वडील मूळ साताऱ्याकडचे. त्यांनी फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो बघितला.

"हे थोरले का? नवरदेवास्नी बोलवा की."

"हाच तो," आई म्हणाली. "दाढ सुजलीय त्याची."

"मधमाशी चावली," मी त्याच वेळी म्हणालो. (दाढ ठरली होती. ऐन वेळी विसरलो.)

वडिलांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "फोटू एकाचा, म्होरं दुसराच. आमास्नी फशिवताय व्हय?"

मी कंपनीचं ओळखपत्र आणलं. त्यातही हनुवटी नव्हती. मतदानाचं कार्ड आणलं, तर त्यातला माणूस फोटोतल्यासारखाही नव्हता आणि माझ्यासारखाही नव्हता. आता आईच मला निरखायला लागली. "खरंच रे, काहीतरी वेगळंच दिसतंय." मी आत जाऊन आरशात बघून आलो. मलाही खात्री देता येईना.

वडील चपला घालायला उठले. मला मुलगी मनापासून आवडली होती, म्हणून लाजलज्जा सोडून सगळं सांगून टाकलं.

"हनुवटीला इंजेक्शन?" ते म्हणाले. "तिथं काय दुखत हुतं?"

मी नकळत हनुवटीवर हात ठेवला. तेव्हा मुलगी पहिल्यांदा बोलली. "आप्पा, थांबा जरा. अहो, तुम्ही पोहे वाढा बघू."

मी पातेलं घेऊन वाकलो. आप्पा परत खाली बसले, पण 'नको' म्हणून त्यांनी बशीवर हात आडवा धरला. सवयीने मी त्या हातावरच पोहे वाढले.

"हेच ते," ती म्हणाली.

लग्नानंतर मी विचारलं, "फोटोत माझी हनुवटी खटकली नाही तुला?"

"चेहरा कुणी बघितला? एक काका नको नको म्हणत होते आणि तुम्ही त्यांच्या पंजावर जिलेबी ठेवत होता. म्हटलं, हा माणूस घरात कुणाला उपाशी ठेवणार नाही."

हनुवटी सहा महिन्यांत विरघळली. वाढायचं काम मात्र आजतागायत माझ्याकडेच आहे.