डबा ऐकू आला पाहिजे!

काल दुपारी माझ्या नातीनं, दीपालीनं, लॅपटॉप खाडकन मिटला. म्हणे, "जाऊ दे आजी, माह्याच्यानं नाही होत." मी लसूण सोलत होते, तशीच उठले.

पोरीनं एकटीनं मोबाईलवरचा गेम बनवलाय... आपल्या भुलाबाईचा! गाणी झाली की खिरापतीचा बंद डबा हलवायचा अन् नुसत्या आवाजावरून आतला खाऊ ओळखायचा, तोच खेळ. (माझी एक जाऊ डब्यात चिंचोके भरून आणायची अन् सगळ्यांना फसवायची... असो.)

रविवारपर्यंत गेम स्पर्धेला पाठवायचा, अन् त्यात संगीतच नाही. वाजवणारे कुठून आणायचे? म्हणून ते एआयचे ॲप... आपण लिहून सांगायचं, ते गाणं तयार करून देतात. असे तीन ॲप तिनं बघितले, पण मनासारखं काही मिळेना.

"लाव मले," म्हटलं. "सोयरीक पाह्यतो तसं एकेक पाहू."

पहिल्याला भुलाबाई सांगितली, तर त्यानं देवळातल्या घंटा बडवल्या. दुसऱ्यानं लग्नाचा बँडच लावला, आम्ही दोघी हसून बेजार! तिसऱ्याची बासरी मात्र इतकी गोड, की दीपालीचा चेहरा खुलला... पण गेम चालू केला तर डबा हललेला ऐकूच येईना. आवाज कमी केला, तरी बासरी आपली मधे मधे.

दीपाली पुन्हा रडवेली. मी मात्र हट्टाला पेटले. "काऊन वं, डबा हलवताना आम्ही गाणं म्हनत होतो का? सगळ्या चिडीचूप बसत होतो."

बासरी मधेच तोडली तर कानाला खटकायची, म्हणून दीपाली नुसत्या टाळ्या-ढोलकीच्या मागे लागली.

मग शोधाशोध केली, तर एकच ॲप ढोलकी, टाळ्या, पिपाण्या वेगवेगळ्या काढून देणारा निघाला. कोणता? तोच, लग्नाचा बँडवाला! पिपाण्या काढून टाकल्या, टाळ्या अन् ढोलकी ठेवली... अन् डबा हलला की त्याही बंद.

संध्याकाळी शेजारच्या शेखभाईंची नात सना आली, तिच्या हातात मोबाईल दिला. टाळ्या थांबल्या, तशी पोरगी कान लावून, श्वास रोखून बसली... अन् ओरडली, "दादी, फुटाने!"

बरोब्बर फुटाणेच होते.

दीपालीनं तिथंच बसून गेम पाठवून दिला. निकाल लागेल तेव्हा लागो... त्या बँडवाल्याचं भलं होवो, आमचा डबा ऐकू आला बाई!