अप्पांचा मत्स्यावतार

आमच्या वेस्ट मांबलमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नाही. पण कपाटावरच्या ट्रंकेत हातभर लांब मासा होता. लाकडी. कुणा गोऱ्या साहेबानं गळाला लागलेला मासा कागदावर ठेवून भोवती रेघ मारली, त्याच मापाचा कोरून रंगवून घेतला आणि देश सोडताना आपल्या कारकुनाला देऊन टाकला. तो कारकून म्हणजे अप्पांचे, माझ्या वडिलांचे, आजोबा. साहेबाच्या शिकारीची फुशारकी आमच्या तंजावरी मराठी सोवळ्यात ठेवायची कुठे? आजोबांनी तिला सरळ मत्स्यावतार केलं. तेव्हापासून नवरात्रात बाहुल्यांचा कोलू मांडला, की वरच्या पायरीवर रामाशेजारी साहेबाचा मासा. माशाखालच्या पाटीवर साहेबानं इंग्रजीत लिहिलेलं वजन जरीच्या काठानं झाकायचं आणि कपाळाला गंध लावायचं, हे काम अप्पांचं आणि माझं.

यंदा अप्पा मला ओळखेनासे झाले. मी पेरुंगुडीच्या माझ्या घरून येऊन समोर बसले, की कोण आलंय म्हणून आईकडे बघायचे. मी हट्टाला पेटले. मासा दाखवला की मी आठवेनच, असं धरून बसले. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. माझा निदान हातभर होता.

नवरात्राच्या आधी ट्रंक काढली. अप्पांच्या नेसून जुन्या झालेल्या वेष्टीत गुंडाळलेला मासा उचलला, तर शेपूट हातात आलं आणि पोटातून भुसा सांडला. वाळवी. वरून रंग, खवले, डोळा सगळं जागच्या जागी आणि आत काही नाही. मला इतका राग आला! वाळवीचा, ट्रंकेचा, अप्पांचासुद्धा. तिथेच फरशीवर बसून मी ढसाढसा रडले.

आवाजानं अप्पा आतून आले. वाकून त्यांनी मासा उचलला, खुर्चीत बसून मांडीवर घेतला आणि गंधाच्या जागी अंगठा फिरवला. त्यांना आठवत होतं!

"अप्पा, मी," एवढंच मला बोलता आलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि इथे परक्या बाईशी बोलतात तसं अदबीनं म्हणाले, "रडू नका, अम्मा. एवढं झाकून ठिवा. नौरात्राला आमची लेक येणार आहे. तिज दिसू देऊ नका. फार जीव आहे तिचा ह्याच्यावर."

मी बरं म्हटलं. मासा पुन्हा गुंडाळला, ट्रंक लावली. अप्पा खुर्ची ओढत दाराशी गेले आणि माझी वाट बघत बसले.