लेबल समोर

अप्पा दुकानात आले की रामराम नाही, पाणी नाही. थेट फ्रीजचं दार. खिशातून रुमाल काढायचे, घाम सुटलेल्या बाटल्या पुसायचे आणि एकेकीचं लेबल काचेकडे वळवायचे. "मालक, गिऱ्हाईक बिअर घेत न्हाई, लेबल घेतंय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

माझी अहमदपुरात बिअर शॉपी. अप्पा एका परदेशी बिअर कंपनीचे विक्रेते, दर मंगळवारी लातूरहून एसटीने यायचे. जातीने लिंगायत, शर्टाच्या आत गळ्यात इष्टलिंग, ओठाला कधी दारूचा थेंब लागलेला नाही. गिऱ्हाइकं चिडवायची, "अप्पा, कशी लागते ओ?" ते गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "थंड."

पूर्वी आमच्याकडे स्ट्राँगशिवाय कुणी काही मागत नसे. मग दुसरी परदेशी कंपनी हलक्या बिअरचे रंगीत टिन घेऊन उतरली आणि नोकरीवाली पोरं तिकडे वळली. अप्पांचे साहेब भराभर बदलू लागले. प्रत्येक नवा साहेब एकच विचारी, फ्रीजमध्ये आपला माल किती? फ्रीज कंपनीने फुकट दिलेला. अट एवढीच की त्यात परका माल ठेवायचा नाही. अप्पांची नोकरी त्या काचेच्या दारावर टांगलेली होती आणि ते मला चांगलं ठाऊक होतं.

मे महिन्यात माझा स्वतःचा फ्रीज बंद पडला. मी ते टिन अप्पांच्या फ्रीजमध्ये ठेवले. अप्पांनी पाहिलं. "मालक, काढा तेवढं. परवा साहेब यायलेत." मी हो म्हटलं. पण टिन धडाधड खपत होते. काढतो, काढतो म्हणत राहिलो आणि राहूनच गेलं.

गुरुवारी अप्पा साहेबांना घेऊन आले. साहेबांनी फ्रीजचं दार उघडलं. परक्या कंपनीचे टिन दोन ओळींत, सगळ्यांची लेबलं समोर. मी ते कसेही कोंबले होते. मंगळवारी बोलता बोलता अप्पांच्याच हातांनी ते सरळ केले होते. पाठमोरा माल त्यांना बघवतच नसे.

"हे कुणी लावलं?" साहेबांनी विचारलं.

मी बोलायला हवं होतं. पण फ्रीज उचलून नेतील या भीतीने मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

"मीच," अप्पा म्हणाले. खोटं बोलणं त्यांना जमत नसे. साहेबांनी फोटो काढला. पुढच्या मंगळवारी अप्पांच्या जागी दुसराच माणूस आला. फ्रीज शेवटी गेलाच. टिनवाल्या कंपनीने त्याहून मोठा दिला.

दिवाळीनंतर अप्पा एकदा आले. नांदेडची गाडी स्टँडवर दहा मिनिटं थांबणार होती. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, मालक." सवयीने त्यांनी नव्या फ्रीजचं दार उघडलं, एक टिन वळवला, दुसरा वळवला. तिसऱ्याला हात लावला आणि थांबले.

"आपलं काम न्हाई आता," म्हणाले. रुमाल खिशात घातला, दार हळू लावलं आणि स्टँडकडे गेले.

तिसरा टिन तसाच पाठमोरा होता. माझ्याने तो वळवला गेला नाही.