समोरचा किल्टवाला

बंगळुरूच्या सर्जापूर रोडवरल्या आमच्या सोसायटीत समोरच्या फ्लॅटमधला माणूस दर रविवारी किल्ट घालून फिरायला निघतो. किल्ट म्हणजे स्कॉटलंडचे पुरुष घालतात तो चौकड्यांचा, चुण्याचुण्यांचा घागरा. चालतो ताठ, भाजीवाल्याला कानडीत ‘अण्णा, स्वल्प कोथिंबीर’ म्हणतो, आणि कुणी हसायच्या आत स्वतःच हसून घेतो. त्याचं मला काही नाही. माझा जळफळाट होतो तो त्याच्या बायकोमुळे. काल भरलेल्या लिफ्टमध्ये, सगळ्यांदेखत, ती खाली वाकली आणि त्याची विस्कटलेली चुणी बोटांनी नीट बसवली.

घरी येऊन मी मुद्दाम लुंगी नेसलो आणि कचऱ्याची पिशवी घेऊन दार उघडलं.

“अहो, आधी पँट घाला!” आमची ही आतून ओरडली. “ते किल्टवाले बाहेर असले तर काय म्हणतील?”